सोमाजीभाऊंनी पाहिलेल्या स्लाइड

सोमाजीभाऊंना दिसत नाही हे ज्योत्स्नाला कळलं, त्या दुपारी लॅबमधली वीज गेलेली होती. मुलचेऱ्याकडच्या त्या आरोग्य केंद्रात वीज जाणं ही काही बातमी नव्हे. ज्योत्स्नाने हिवतापाची एक स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावून ठेवली होती, लॅबमधल्या जुन्या टेक्निशियनला, सोमाजीभाऊंना, हाक मारली होती आणि तेवढ्यात पंखा थांबला. भाऊ आले, स्टूल ओढलं, डोळा लावला, नेहमीसारखा स्क्रू इकडून तिकडे फिरवला आणि नेहमीएवढाच वेळ घेऊन म्हणाले, "हव, आहे. पीएफ आहे. लिहा." मायक्रोस्कोपचा दिवा विजेबरोबरच गेला होता. भिंगाखालच्या मिट्ट काळोखात भाऊंना हिवतापाचा जंतू दिसला, त्याची पीएफ ही घातक जातही दिसली, आणि त्यांनी रजिस्टरवर सहीसुद्धा केली.

स्लाइड पॉझिटिव्ह होती हे ज्योत्स्नाने वीज जायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हा निदान चुकलं नव्हतंच. भाऊंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं तर आपल्याला लॅबमधून उठवून कुठल्यातरी खिडकीवर चिठ्ठ्या फाडायला बसवतील, या धास्तीने ते गप्प होते. हे तिला हळूहळू समजलं. आता कोणालाही वाटेल की दुसऱ्या दिवसापासून तिने त्यांना स्लाइड दाखवणं सोडलं असेल. छे! दुसऱ्या दिवशी दोन पॉझिटिव्ह सापडल्या आणि दोन्ही वेळा ती उठून म्हणाली, "भाऊ, एकदा पाहून घ्या जी." भाऊ निवृत्त होईपर्यंत चार वर्षं ती हेच म्हणत होती, आणि ज्याला दिसत नाही तो माणूस चार वर्षं वाकून पाहत होता.

ज्योत्स्ना बोरकुटे ही त्या केंद्रातली कंत्राटी लॅब टेक्निशियन. चाळिशीला आलेली, अंगाने किरकोळ, सकाळच्या एसटीने दीड तास उभ्याने यायचं आणि संध्याकाळच्या एसटीने दीड तास परत जायचं, असं चौदा वर्षं चाललेलं. पावसाळा सुरू झाला की आशाताई गावोगावच्या तापाच्या रोग्यांच्या बोटातून थेंब घेऊन काचा पाठवतात. दिवसाला कधी चाळीस, कधी सत्तर. त्या रंगवायच्या, वाळवायच्या, तेलाचा थेंब टाकून एकेक तपासायची. एका स्लाइडमध्ये निदान शंभर ठिकाणी नजर फिरवावी लागते. संध्याकाळी एसटीत बसली तरी तिच्या डोळ्यांपुढे जांभळे ठिपके नाचत. तिची नजर मात्र लाखात एक. अख्ख्या काचेत जंतूचं एखादंच बारीक वलय असलं तरी ते तिच्या नजरेतून सुटत नसे. हे सगळ्या केंद्राला माहीत होतं. तिला सोडून.

हे असं का झालं, याचं उत्तर एका कुठल्या दुष्ट माणसात सापडलं असतं तर बरं झालं असतं. तसं नाही. कॉलेजात बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलला बारा जणांत एक मायक्रोस्कोप असायचा. मुलं फोकस करायची आणि म्हणायची, "आता पाहून घ्या, पण हात लावू नका, हलते ते." मुली ओळीने वाकून पाहायच्या आणि वहीत आकृती काढायच्या. ज्योत्स्नाच्या आकृत्या इतक्या सुरेख की निम्मा वर्ग तिच्या वहीवरून उतरवून घ्यायचा. पण तीन वर्षांत तिने स्क्रूला बोट लावलं ते दोनदा की तीनदा. कोणी तिला अडवलं नव्हतं. हलेल म्हणून तिनेच लावलं नाही.

नोकरीवर आली त्या वर्षी तिने सही करून एक स्लाइड पॉझिटिव्ह पाठवली. सगळ्या पॉझिटिव्ह फेरतपासणीला गडचिरोलीला जातात, तशी तीही गेली. तिथून शेरा आला, निगेटिव्ह. रंगाचा कण होता, जंतू नव्हे. तेव्हाचे डॉक्टर रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, "पुढच्या वेळी सोमाजीला दाखवत जा." त्याच वर्षी सोमाजीभाऊंच्या अशा चार स्लाइड परत आल्या होत्या. भाऊ तंबाखू मळत हसले होते, "माणूस आहो बाप्पा, मशीन नाई." त्यांना कोणी काही म्हटलं नाही आणि त्यांनीही मनाला लावून घेतलं नाही. ज्योत्स्नाला मात्र त्या एका स्लाइडचा नंबर अजून पाठ आहे.

तेव्हापासून रजिस्टरमध्ये एक रीत पडली. निगेटिव्हच्या पुढे ती बिनदिक्कत सही करायची. नाही म्हणायला तिला कधी भीती वाटली नाही. "आहे" म्हणायचं झालं की सोमाजीभाऊ लागायचे. डॉक्टरांचं सांगणं चार-सहा महिन्यांपुरतं असावं, ते डॉक्टर बदलूनही गेले, पण ज्योत्स्नाने ते सांगणं तेरा वर्षं पाळलं. भाऊ कधी सही मागत आले नाहीत. तीच वही आणि पेन घेऊन त्यांच्यापुढे उभी राहायची.

भाऊ निवृत्त झाल्यावर काय केलं म्हणाल, तर तिने फोन लावायला सुरुवात केली. पॉझिटिव्ह दिसली की लॅबच्या मागे, जिथे रेंज येते त्या कडुलिंबाखाली जायची. "भाऊ, वलय बारीक आहे जी. दोन ठिपके आहेत. पेशी फुगली नाई." भाऊ तिकडे धानाच्या बांधीवर उभे असायचे. म्हणायचे, "मग पीएफच ना." "हव जी, मले बी तसंच वाटते." एवढं झालं की ती आत येऊन निदान लिहायची आणि सहीचा रकाना डॉक्टरांपुढे सरकवायची. हे ऐकून हसू येतं, पण जरा वेळाने तिचा रागही येतो. इतकी हुशार बाई, आणि शेतात उभ्या असलेल्या माणसाकडून स्वतःच्याच डोळ्यांची खात्री करून घेते!

हे पकडलं डॉक्टर आफ्रीनने. आफ्रीन नवी वैद्यकीय अधिकारी, वय अठ्ठावीस, बल्लारपूरची. तिचे अब्बा वहाबभाई शिलाई मशीन दुरुस्त करतात, आणि कुठलंही यंत्र उघडून पाहायची खोड तिला तिथूनच लागली असावी. एका दुपारी ती रोग्याचा रिपोर्ट कुठे अडला म्हणून लॅबच्या मागे आली आणि तिने तो फोन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला.

"ज्योत्स्नाताई, हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"कन्फर्म करून राह्यली, मॅडम."

"सोमाजीभाऊंच्या शेतात मायक्रोस्कोप आहे का?"

ज्योत्स्नाने फोन पदराआड धरला. त्या संध्याकाळी आफ्रीनने पाच वर्षांची रजिस्टरं काढून बसून चाळली, कारण तिच्या टेबलावर एक परिपत्रक येऊन पडलं होतं. गडचिरोलीच्या फेरतपासणी प्रयोगशाळेत स्लाइड वाचणाऱ्याची एक जागा भरायची होती. जिल्ह्यातल्या सगळ्या पॉझिटिव्ह तिथे शेवटच्या म्हणून तपासल्या जातात. तिथून पुढे विचारायला कोणी नाही. अट एकच होती, पाच वर्षांचा तपासणीचा अनुभव, स्वतःच्या सहीचा.

ही जागा ज्योत्स्नाला हवी होती. हे तिने कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही, पण हवी होती. मुलगी दिव्यानी गडचिरोलीला होस्टेलवर राहून अकरावी सायन्स करत होती. तिथे एक खोली घेतली असती, मायलेकी एकत्र राहिल्या असत्या, रोजची तीन तासांची एसटी सुटली असती. आणि दुसरं, जे ती स्वतःशीही दबक्या आवाजात म्हणायची, ते हे की ते काम तिला येत होतं. नवरा धनराज भला माणूस. त्याला आफ्रीनकडून कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मग भर ना फॉर्म. तुले काऊन भेव वाटते?"

रजिस्टरमध्ये पॉझिटिव्हपुढे सगळीकडे सोमाजीभाऊंची सही, आणि ते निवृत्त झाल्यापासूनचे शेवटचे आठ महिने डॉक्टरांची. आफ्रीनने कपाळाला हात लावला नाही, रविवारी ज्योत्स्नाला गाडीत घातलं आणि चामोर्शीच्या अलीकडे भाऊंच्या गावी नेलं.

भाऊंचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून ते अंगणात बसले होते. सून ललिताने चहा आणला. आफ्रीनने सगळं सांगितलं, तशी भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली.

"मले चार वर्षं काईच दिसत नव्हतं, मॅडम," ते म्हणाले. "सगळं धुकं. बाई म्हणे पाहा, मी पाहो. बाईच्या तोंडाकडं पाहून समजे मले, आहे का नाई ते."

"मग तुम्ही हे लिहून द्याल?"

"देतो ना. लिहा तुम्ही, मी सही करतो."

"नको भाऊ," ज्योत्स्ना मध्येच म्हणाली. "तुमच्या पेन्शनले लागन ते. न पाहता सही केली म्हणतील."

हे कारण खरं होतं. आणि हे कारण सापडल्याबरोबर तिला किती हायसं वाटलं, हेही तितकंच खरं. भाऊंना सांभाळायचं म्हणजे चांगुलपणाचं काम, त्यात मागे राहिलं तरी कोणी नावं ठेवत नाही. पण भाऊंनी हात झटकला. "पाहू त्याचं. तुमच्या भरोशावर मी इज्जतीनं रिटायर झालो, ज्योत्स्नाबाई. त्याच्यासमोर हे काय मोठं आहे?" आफ्रीनने लिहिलं, भाऊंनी वाचून घेतलं आणि सही केली. ज्योत्स्नाने पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं.

मुलाखतीच्या दिवशी ती दिव्यानीला भेटलीही नाही, म्हणाली परत जाताना भेटते. बाहेर बाकावर सहा जण होते, पाच पुरुष आणि ती. शेजारी प्रफुल नावाचा एक मुलगा होता, सहा वर्षांची नोकरी, तोंडाने सारखं चालू. "मॅडम, मिक्स इन्फेक्शन देतात म्हणे. मी तर ठोकूनच देतो, ज्याले पाहाचं त्यानं पाहावं." त्याचं तिला नवल वाटलं. इतकं सहज ठोकून देणारा माणूस रात्री झोपतो कसा, असं तिच्या मनात आलं.

आधी दहा स्लाइड वाचायला दिल्या. मायक्रोस्कोप नवा होता, उजेड स्वच्छ. पहिल्या स्लाइडवर तेल टाकलं आणि ती बाकीचं सगळं विसरली. पुढचा पाऊण तास हा तिच्या चौदा वर्षांतला सगळ्यात सुखाचा पाऊण तास असावा. स्टेशन मास्तरने गाड्या ओळखाव्या तसं तिने एकेक ओळखलं. सातवीत दोन जाती एकत्र होत्या. एक भरपूर, दुसरी शोधून काढावी लागेल इतकी. तिने दोन्ही लिहिल्या.

मग आत बोलावलं. तिघे होते. मधले अधिकारी वयस्क, बोलायला मऊ. त्यांनी तिचा कागद पाहिला, बाजूच्या बाईंना दाखवला, त्या बाईंनी भुवया उंचावल्या.

"दहाच्या दहा बरोबर आहेत," अधिकारी म्हणाले. "सातवी सकाळपासून कोणाला आलेली नाही." मग त्यांनी समोरच्या रजिस्टरच्या झेरॉक्स उलटल्या. "पण इथे पॉझिटिव्हपुढे तुमची सही एकही नाही, मॅडम. मग या स्लाइड तपासत कोण होतं?"

त्यांचा प्रश्न आडवा नव्हता. "मी" एवढंच तिच्या तोंडून निघावं, म्हणून विचारलं होतं. पर्स मांडीवर होती. पत्र वरच्याच कप्प्यात होतं, चेन उघडली की हाताला लागेल असं.

तिला भाऊंची पेन्शन आठवली. मग ती आठवण आपोआप बाजूला झाली आणि मागे जे उरलं ते तिने इतकं जवळून कधी पाहिलं नव्हतं. आज "मी" म्हटलं की उद्यापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक स्लाइडचं "आहे" आणि "नाही" तिचं एकटीचं. उठून कोणाला हाक मारायची सोय नाही. कडुलिंब नाही.

"सोमाजीभाऊच पाहत होते, सर," ती म्हणाली. "मी रंगवून द्यायची."

"पण या दहा तर तुम्ही आत्ता वाचल्यात."

"अंदाजानं लिहिल्या, सर."

बाजूच्या बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, पण वेळ झाली होती आणि बाहेर अजून तिघे होते.

परतीच्या एसटीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की दिव्यानीला भेटायचं राहिलं. फोन करायला हात उचलवेना. खिडकीतून मोहाची झाडं मागे जात होती आणि तिला इतका थकवा आला होता की रडायचंसुद्धा जिवावर आलं. भाऊंच्या गावाच्या थांब्यावर बस थांबली, तर भाऊ तिथे उभेच. ललिताला विचारून बसची वेळ काढली असणार. कंडक्टरला काहीतरी सांगून ती खाली उतरली.

"काय म्हणे?"

तिने चेन उघडली आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. भाऊंनी चष्मा वर केला, पत्र पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. चौदा वर्षं ते तिला तुम्ही म्हणत आले होते.

"तू सांगतलं नाई?"

"नाई."

"काऊन?"

कंडक्टरने घंटी वाजवली. ज्योत्स्ना म्हणाली, "भाऊ, तुम्ही हव म्हटलं की मले रातची झोप लागत होती. तुम्हाले दिसत नाई, हे मले माहीत होतं. दिवा गेलता त्या दिवसापासून माहीत होतं. तरी लागत होती."

भाऊंचा चेहरा पडला. दिवा गेल्याचं त्यांना आज कळत होतं. तिने आपल्याला इतकी वर्षं सांभाळलं, आणि आपण वाकून वाकून तिचं काय केलं, हे दोन्ही त्यांना एकदमच समजलं असावं. रस्त्याच्या कडेला तो म्हातारा माणूस काळ्या चष्म्याखालून डोळे पुसू लागला, तसं ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावायचा नसतो, हे तिला आठवलं आणि तिने त्यांचा हात धरला.

"आता मले फोन करजो नको," ते म्हणाले. "मी नाई उचलणार, बाई. तू कितीबी लाव."

निवड प्रफुलची झाली. आफ्रीनला कळलं तेव्हा ती लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. "अंदाज? ताई, अंदाज म्हणालात तुम्ही?" आणखी बरंच बोलायचं ठरवून ती आली होती. पण आपण इथे रुजू झालो त्या पहिल्या महिन्यात, प्रत्येक अवघड रोग्याआधी बाथरूममध्ये जाऊन पुस्तक उघडत होतो हे तिला आठवलं, आणि ती तशीच परत गेली.

त्यानंतर आठवडाभर एकही पॉझिटिव्ह निघाली नाही. ज्योत्स्ना मनात देवाचे आभार मानत होती. मग एका सोमवारी एका गावाहून नंदिनी नावाची सात महिन्यांची गरोदर बाई तापाने फणफणून आली. झटपट तपासणीची किट निगेटिव्ह आली होती. बाहेरच्या बाकावर ती नवऱ्याच्या खांद्याला टेकून बसली. ज्योत्स्नाने स्लाइड रंगवली, लावली, पाहिली. चाळीस ठिकाणी काही नाही. साठ ठिकाणी काही नाही. मग एक वलय, आणि बऱ्याच वेळाने दुसरं.

ती उठली, कडुलिंबाखाली गेली आणि फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली. भाऊ तिकडे फोन हातात धरून बसले असतील, असं तिला वाटलं, आणि ते खरंही होतं. तिसऱ्यांदा तिने लावला तो उचलतील म्हणून नव्हे. तेवढा वेळ तरी मिळावा, म्हणून. आत नंदिनीला उलटी झाल्याचा आवाज आला.

डॉक्टर आफ्रीन बाळंतपणात अडकली होती. ज्योत्स्ना परत स्टुलावर बसली, पुन्हा एकदा डोळा लावला. वलय होतं तिथेच होतं. तिने रजिस्टर ओढलं, निदान लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात स्वतःची सही केली. आडनावाची शेवटची अक्षरं शेजारच्या ओळीत गेली. तेवढा कागद घेऊन ती प्रसूतीच्या खोलीकडे धावली. आफ्रीनने दारातूनच वाचलं, सहीकडे पाहिलं, नर्सला औषध द्यायला सांगितलं. "नक्की का?" असं तिने विचारलं नाही.

नंदिनीचा ताप दोन दिवसांनी उतरला. ती स्लाइड नेहमीप्रमाणे फेरतपासणीला गडचिरोलीला गेली, प्रफुलच्या टेबलावर, आणि पंधरा दिवसांनी शेरा आला, बरोबर. तेरा वर्षांत पहिल्यांदाच त्या रकान्यात ज्योत्स्ना बोरकुटे हे नाव होतं. ज्या जागेसाठी ते हवं होतं, ती भरून महिना होत आला होता.